काकांच्या डोक्यावर कॅमेरा लावायचा का?

"सदाशिव पेठेत आमचं वडिलोपार्जित लॉजिंग-बोर्डिंग आहे. खाली १२ टेबलांचं भोजनालय, वर दोन मजल्यांवर १४ खोल्या. दोन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून नोकरी सांभाळून मीच बघतो. मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरून एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप गेला. चौकीत पहिला प्रश्न आला, 'कॅमेरा कुठाय?' शिवाय गल्ल्यात महिन्याकाठी दोन-अडीच हजार कमी भरतात. एकाकडून कोटेशन मागवलं, त्याने २४ कॅमेरे सांगितले. त्यातला एक पोरं झोपतात त्या खोलीत, एक मोऱ्यांबाहेरच्या बेसिनपाशी आणि एक बरोबर काउंटरवर, आमच्या मॅनेजरकाकांच्या डोक्यावर. काका आमच्याकडे २७ वर्षं आहेत. त्यांच्या कानावर गेल्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. वडील म्हणतात, आपण गिऱ्हाइकावर डोळा ठेवणारं हॉटेल कधी चालवलं नाही. मला मात्र वाटतं, हिंजवडीच्या ऑफिसात बसून मोबाइलवर सगळं दिसलं तर जिवाला स्वस्थता मिळेल. काय करू?"
— एक वाचक, सदाशिव पेठ

नमस्कार.

लावा. पण २४ नकोत, आणि त्या माणसाने सांगितलेल्या तीन जागांपैकी दोन ठिकाणी तर अजिबात नकोत. तिसरी जागा काकांच्या डोक्यावरची. तिच्याबद्दल सावकाश बोलू, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तिथेच आहे.

तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी एकाच पुडीत बांधून पाठवली आहेत. लॅपटॉप गेला, गल्ला कमी भरतो, आणि मी तिथे नसतो. पहिल्यावर कॅमेरा चांगला उपाय आहे. दुसऱ्यावर अर्धा. तिसऱ्यावर शून्य. कोटेशन देणाऱ्याने मात्र तिन्हींवर एकच औषध लिहून दिलं, दर टेबलामागे दोन डोस. त्याचा दोष नाही, तो कॅमेरे विकतो.

मी कर्वे रस्त्यालगत ३१ वर्षं खानावळ चालवली, त्यामुळे हे थोडं स्वतःचे हात भाजून सांगते आहे. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ माणसं गेली. त्यानंतर आम्ही सगळेच घाबरलो होतो. मीही एकाला बोलावून चार कॅमेरे लावून घेतले, काउंटरमागे छोटा टीव्ही ठेवला, त्यावर चार चौकोन. गिऱ्हाइकं कौतुकाने बघायची. तीन वर्षांनी एका मुलीची बॅग गेली, आत परीक्षेची मूळ कागदपत्रं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं रेकॉर्ड आहे. पाहिलं तर रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क चार महिन्यांपूर्वीच मेली होती. टीव्हीवर चित्र दिसत होतं, लाल दिवा लुकलुकत होता आणि आत काहीही साठत नव्हतं. त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो. वर्षाच्या देखभालीचे पैसे घेणारा तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, तुम्ही चेक करायला सांगितलं नव्हतं." चूक त्याची होती, पण पहिली माझी होती. कॅमेरा लावला म्हणजे काम संपलं असं मी धरून चालले होते.

आता लॅपटॉप.

खोलीच्या आत कॅमेरा लावता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यामुळे खोलीतून वस्तू गेली तर कॅमेरा एकाच प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो: त्या दारातून कोण, केव्हा आत गेलं आणि हातात काय घेऊन बाहेर पडलं. त्यासाठी प्रत्येक मजल्याच्या पॅसेजच्या टोकाला एक कॅमेरा पुरतो, सगळ्या दारांची रांग दिसेल असा. दार उघडल्यावर आतला पलंग दिसत असेल तर कोन चुकला, फिरवून घ्या. हे तंत्रज्ञावर सोपवू नका. स्वतः एकेक दार उघडून स्क्रीनवर बघा.

पण निम्मं उत्तर कॅमेऱ्यात नसतंच, किल्ल्यांच्या वहीत असतं. दुसरी किल्ली कुणाकडे असते, सफाईला जाताना कोण कुठली किल्ली घेतो, परत किती वाजता टांगतो, हे कुठे लिहिलं जातं का? नसेल तर आजपासून लिहा. पॅसेजमध्ये सफाईचा मुलगा ११ वाजून १० मिनिटांनी आत गेलेला दिसला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, ते त्याचं कामच आहे. वहीत त्या वेळी त्याच्याकडे किल्ली नसावी असं लिहिलेलं असेल, तेव्हा त्या चित्राला अर्थ येतो. उलट वही नीट असेल तर तीच त्या पोराला वाचवते. आपल्याकडे वस्तू गेली की पहिला संशय कायम परगावच्या, नुकत्याच लागलेल्या पोरावर जातो. कॅमेऱ्याने माझ्याकडे जितके चोर पकडले, त्याहून जास्त निर्दोष पोरं सोडवली.

गल्ल्याकडे येऊ. कॅमेऱ्यावर एक रुपया खर्च करण्याआधी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून गेल्या महिन्याची रद्द केलेली बिलं आणि रद्द केलेल्या केओटी, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, छापून काढा. भटारखान्यातून दोन थाळ्या गेल्या, गिऱ्हाईक जेवलं, रोख दिली आणि मागाहून ती केओटी 'चुकून मारली' म्हणून रद्द झाली; गळतीची सगळ्यात जुनी वाट हीच. दुसरी वाट नवी आहे. यूपीआयचा क्यूआर. टेबलावरचा स्टिकर हॉटेलच्या खात्याचाच आहे का, कुणी गिऱ्हाइकासमोर स्वतःचा मोबाइल तर धरत नाही ना, हे बघायला एक दुपार पुरते. प्रत्येक स्टिकर स्वतः स्कॅन करून वर कुणाचं नाव येतं ते वाचा. आणि तिसरी वाट, जी कुणी कबूल करत नाही: घरातलीच माणसं गल्ल्यातून भाजीचे, रिक्षाचे पैसे काढतात आणि चिठ्ठी टाकायची राहून जाते. महिन्याला दोन-अडीच हजार ही रक्कम मला त्या तिसऱ्या वाटेची वाटते. चोराला इतक्यावर समाधान होत नाही. रागावू नका, पण तुम्ही शनिवारी गल्ल्यातून पेट्रोलला पैसे घेता का?

हे सगळं करूनही गळती राहिली, तर काउंटरवर कॅमेरा हवाच. पण डोक्यावर नको. डोक्यावरून फक्त टक्कल आणि नोटांची कड दिसते. एक कॅमेरा काउंटरच्या बाजूने लावा, त्यात गल्ल्याचा खण, हात आणि बिलिंगचा पडदा एका चौकटीत दिसू दे. दुसरा काउंटरच्या मागे, काकांच्या पाठीशी, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा घेणारा. हा दुसरा काकांवर नजर ठेवत नाही, तो काकांच्या बाजूने बघतो. 'मी पाचशेची नोट दिली होती' म्हणून वाद घालणाऱ्यासमोर काका एकटे नसतात. हीच गोष्ट त्यांना सांगायची आहे, पण ती कशी, ते पुढे.

चेहऱ्यावरून आठवलं. पुण्यात दारावरचा कॅमेरा निम्मा वाया जातो, आणि याचं कारण बाहेरच्या कंपन्यांना कळत नाही. आपल्याकडे माणूस दुचाकीवरून उतरतो तो हेल्मेट घालून, नाहीतर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून. दारातून आत येईपर्यंत तो कोण हे त्याची आईसुद्धा सांगू शकणार नाही. स्कार्फ सुटतो तो काउंटरपाशी, नाव लिहिताना किंवा हात धुताना. म्हणून चेहरा घ्यायची तुमची जागा आहे रजिस्टरची वही. दारावरचा कॅमेरा किती जण आले, किती वाजता, कुठल्या गाडीवरून, एवढ्यासाठी ठेवा.

थोडं गणित करू, कारण कोटेशनमध्ये सगळीकडे '२ मेगापिक्सेल, २.८ एमएम' असं छापलेलं असेल. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० ठिपके. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर एका मीटरच्या रुंदीला निदान २५० ठिपके लागतात, हा या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. १९२० ला २५० ने भागा. साडेसात मीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी. याहून रुंद दृश्य घेतलं की चेहरा पुसट झालाच. २.८ एमएमची रुंद भिंग तीन मीटरवरच सात मीटर रुंदी कवेत घेते. म्हणजे तीन-सव्वातीन मीटरपलीकडचा माणूस 'कुणीतरी निळ्या शर्टातला' एवढाच उरतो. तुमच्या बारा टेबलांच्या हॉलमध्ये तो कॅमेरा मांडामांड, गर्दी, पडझड दाखवेल. चोर नाही दाखवणार. पॅसेजच्या लांबीसाठी ६ एमएमची भिंग मागा, ती अरुंद पण लांबचं बघते. रजिस्टरपाशी २.८ चालेल, फक्त दीड-दोन मीटरवर लावा. आणि दारासमोरच्या कॅमेऱ्याला बाहेरचा उजेड पाठीशी घेऊन येणारी माणसं काळ्या सावल्या दिसतात, तिथे डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात सांभाळायची सोय, असलेलाच घ्या.

माझा हिशेब नऊ कॅमेऱ्यांचा होतो. दार, पार्किंग, काउंटरचे दोन, हॉल, कोठीचं मागचं दार, दोन पॅसेज, आणि जिन्याखाली जिथे रेकॉर्डर ठेवाल ती जागा. शेवटचा विचित्र वाटेल, पण चोर शहाणा असला तर आधी रेकॉर्डरच उचलतो.

आता त्या दोन जागा, जिथे अजिबात नको.

पोरं झोपतात ती खोली. तिथे ती कपडे बदलतात, अंघोळीहून ओल्या टॉवेलवर येतात, गावाकडे फोन लावून रडतात. ते चोरी करत असतील म्हणून तिथे कॅमेरा, हे मला माणुसकीला धरून वाटत नाही. ते सोडा, कायद्यालाही धरून नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. कुणाच्याही खासगी अंगाचं त्याच्या संमतीविना चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रियांच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणखी कडक आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. बेसिनच्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर 'तो फक्त बेसिनवर आहे' असं तंत्रज्ञ सांगेल. मोरीचं दार उघडलं की काय दिसतं ते त्याला विचारा. बायका बेसिनपाशी पदर, ओढणी, कपडे नीट करतात, लेकराला पुसतात. त्या कोपऱ्यातून तुम्हाला असं काय कळणार आहे, जे कळल्यावाचून अडलंय?

उलट खोल्यांत कुणी दुसऱ्याने कॅमेरा लपवलेला नाही ना, हे बघणं तुमचं काम आहे. तो आधीचं गिऱ्हाईक ठेवून जाऊ शकतं, आपल्यातलाही कुणी ठेवू शकतो. सफाईच्या यादीत आठवड्यातून एकदा एवढं घाला: दिवे बंद करून मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात सेट-टॉप बॉक्स, धुराचा सेन्सर, भिंतीवरचं घड्याळ, आरशाची चौकट तपासायची. भिंगाचा ठिपका चमकतो. आणि सॉकेटमध्ये हॉटेलचा नसलेला चार्जर आढळला तर काढून काउंटरला आणायचा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं, ते. चित्रण बघणार कोण?

तुमचं लॉज आहे. लॉजमध्ये जोडपी येतात. लग्न झालेली, न झालेली, घरच्यांना न सांगता आलेली. दोन सज्ञान माणसांनी ओळखपत्र दाखवून एक खोली घेणं हा गुन्हा नाही. पण पॅसेजच्या कॅमेऱ्यात ती दोघं कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या खोलीत गेली हे नोंदलं जातं, आणि ते चित्रण ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्यांचं आयुष्य. एक दिवस कुणी भाऊ, कुणी नवरा, कुणी 'समाजाचं काम करणारा' काउंटरवर येऊन म्हणेल, जरा गेल्या मंगळवारचं दाखवा. त्या वेळी काउंटरवर रात्रपाळीचा एकोणीस वर्षांचा पोरगा असेल. त्याला पासवर्ड माहीत असेल तर तो घाबरून दाखवेल, किंवा दोन हजार घेऊन दाखवेल. दुसरा एखादा मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून त्या जोडप्यालाच धमकावेल. म्हणून काउंटरच्या टीव्हीवर पॅसेजचे चौकोन लावूच नका. तिथे पार्किंग आणि दार एवढंच दिसू दे. मागचं रेकॉर्डिंग उघडायचा पासवर्ड तुमच्याकडे आणि काकांकडे, बस. काकांकडे का, ते सांगतेच.

पोलिसांनी मागितलं तर? द्यायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते तुम्हाला तशी लेखी नोटीस देऊ शकतात. ती मागून घ्या, नम्रपणे. पेन ड्राइव्हवर हवा तेवढाच भाग काढून द्या, पोच घ्या, स्वतःकडे एक प्रत ठेवा. आणि चोराचा फोटो सोसायटीच्या, हॉटेलवाल्यांच्या, पेठेतल्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'ह्याला ओळखता का' म्हणून टाकू नका. तो चोर नाही असं निघालं तर बदनामीचा दावा तुमच्यावर येईल.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. कॅमेरा मालकाचा पगारी नोकर नसतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला, त्याच्या तपासात त्या रात्री त्याला कुठे बसून काय दिलं गेलं हे पोलिसांनी पबच्याच कॅमेऱ्यांतून बघितलं, आणि त्या जागा चालवणारेही अटकेत गेले. तुमच्याकडे परमिट रूम नाही, ठीक आहे. पण ओळखपत्र न घेता खोली दिली असेल, चौदा वर्षांखालचं पोर भांडी घासत असेल, तर तुमच्याच पैशांनी घेतलेली भिंग ते नोंदवणार आहे.

आता पटकन काही कोरड्या गोष्टी, ज्यांत माझे पैसे बुडाले.

साठवण. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला साडेएकवीस जीबीच्या आसपास होतात. नऊ कॅमेऱ्यांचे जवळपास १९५ जीबी, ३० दिवसांचे पावणेसहा टीबीच्या वर. कोटेशनमध्ये २ टीबीची डिस्क असेल तर तुमची आठवण दहा दिवसांची आहे. गिऱ्हाईक गावी जाऊन, सामान उपसून, फोन करेपर्यंत तेवढे दिवस सहज निघून जातात. ८ टीबीची घ्या, आणि ती कॅमेऱ्यांसाठी बनवलेली मागा, साधी कॉम्प्युटरची नको. साधी डिस्क दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते. पण ३० दिवसांहून जास्तही ठेवू नका, पोलिसांनी सांगितलेली किंवा वादातली क्लिप सोडून. जे तुमच्याकडे नाही ते चोरीला जात नाही.

वेळ. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं लावून घ्या, आणि बिलिंगच्या मशीनचंही. दोन्हींत सात मिनिटांचा फरक असला की कुठलं बिल कुठल्या चित्राचं हे भांडण सुटत नाही. सेटिंगमध्ये वीज ५० हर्ट्झ निवडली आहे ना ते बघा. बाहेरून आलेली यंत्रं कधी कधी ६० वर असतात, मग ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकत राहतात.

वीज. नऊ कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून साधारण ७० वॅट खातात. काउंटरच्या कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस त्याला थोडाच वेळ ओढेल. भोजनालयाला इन्व्हर्टर असेलच, त्याच्या लाइनवर घ्या, रात्र निघते.

फोडणी. हॉलच्या कॅमेऱ्याची काच भटारखान्याच्या दाराकडे असेल तर महिन्याभरात तिच्यावर तेलाचा पापुद्रा बसतो आणि रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात सगळं धुकं दिसतं. दर सोमवारी मऊ फडक्याने पुसायचं. पार्किंगच्या कॅमेऱ्यावर कोळी जाळं विणतो, दिव्याकडे किडे येतात म्हणून. तेही त्याच सोमवारी.

आणि त्याच सोमवारी, पुसून झाल्यावर, पंधरा दिवसांपूर्वीची कुठलीही पाच मिनिटं उघडून बघायची. ही माझी चार महिन्यांची फी आहे, तुम्हाला फुकट देते.

हिंजवडीतून मोबाइलवर बघायचं म्हणताय. जरूर बघा, पण कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, आणि बसवणाऱ्याचं खातं काढून टाका. काम संपल्यावरही त्याच्या मोबाइलवर तुमचं हॉटेल दिसत राहतं, बहुतेक जण त्याला विचारतच नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहातली, बायकांच्या तपासणीची चित्रणं टेलिग्रामवर विकली जाताना सापडली. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड यंत्राबरोबर आलेला, साधासुधा, तसाच ठेवलेला होता. आवाज टिपणारा माइक असेल तर तो बंद करा, टेबलावरचं बोलणं ऐकणं तुमचा धंदा नाही. वाय-फाय वेगळं ठेवा, गिऱ्हाइकांचं एक आणि कॅमेऱ्यांचं दुसरं. खरेदीच्या वेळी बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या चाचण्या सरकारमान्य प्रयोगशाळेत पास झालेलेच कॅमेरे विकायचा नियम आहे, आणि जुना माल अजून स्वस्तात फिरतोय.

आणि मोबाइलवर बघताना कशासाठी बघताय ते स्वतःला विचारा. पहिल्या आठवड्यात तुम्ही दिवसातून चाळीस वेळा बघाल. कुठला वेटर उभा आहे, पोळ्या कोण लाटतंय, काकांनी चहा किती वेळा घेतला. मग तुम्ही फोन कराल. 'तीन नंबर टेबल पुसलं नाही.' तिसऱ्या फोनला तुमचे वेटर टेबल पुसायचं सोडून कॅमेऱ्याकडे बघू लागतील. आमच्याकडे माझ्या भाच्याने असं दीड महिना केलं. दोन चांगले आचारी सोडून गेले, आणि दोघांनी कारण सारखंच सांगितलं, शब्दही जवळपास तेच: "वहिनी, पाठीला डोळे टोचतात." दिवसातून एकदा, रात्री बंद झाल्यावर, दहा मिनिटं. तेवढंच.

कोर्टात चित्रण चालायचं असेल तर नुसता पेन ड्राइव्ह पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र लागतं: कुठल्या यंत्रातून, कुणी, कसं काढलं, यंत्र नीट चालत होतं का, आणि फाइलचं हॅश मूल्य काय, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा तिचा आकड्या-अक्षरांचा ठसा. या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला ठामपणे सांगितली, तीही आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून. तुमच्या लॅपटॉपला इतकं लागणार नाही बहुधा. पण रेकॉर्डरचं बिल आणि सीरियल नंबर फाइलला लावून ठेवा, पुढे धावपळ वाचते.

पाटी लावायचीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक बंधनं मे २०२७ पासून लागू होतील. गिऱ्हाइकाचा चेहरा हा त्याचा डेटा आहे, तो नीट न सांभाळल्याबद्दलचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या लॉजवर तेवढी वेळ येणार नाही, पण मे २०२७ ची वाट कशाला बघायची. पाटी पुणेरी असली तरी टोमणा नको, 'आपण कॅमेऱ्यात आहात, सभ्यपणे वागा' असली तर मुळीच नको. साधं लिहा: 'दार, काउंटर, जेवणाचा हॉल, कोठीचं दार, जिन्याखाली, पॅसेज आणि पार्किंग येथे कॅमेरे आहेत. खोल्यांत व स्वच्छतागृहांत नाहीत. आवाज टिपला जात नाही. चित्रण ३० दिवस ठेवतो, पोलिसांशिवाय कुणालाही दाखवत नाही. शंका असल्यास काउंटरवर विचारा.' तुमच्या वडिलांच्या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ही पाटी त्यांच्याकडूनच लिहून घ्या. अक्षर डाव्या हाताचं आलं तरी चालेल.

राहता राहिले काका.

तुम्ही कोटेशन मागवलं तेव्हा त्यांना विचारलं नाही. त्यांना ते कॅमेरेवाल्याच्या तोंडून कळलं, बरोबर ना? २७ वर्षं ज्याच्या हातात किल्ल्या आहेत, त्याला आपल्या डोक्यावर कॅमेरा बसतोय हे शिडीवरच्या माणसाकडून कळावं, हा अपमान कॅमेऱ्याचा नाही. त्यामुळे 'काका, तुमच्यावर संशय नाही हो' हे वाक्य कृपा करून म्हणू नका. ते ऐकलं की माणसाला पहिल्यांदा संशयाचा वास येतो.

त्यांच्याकडे जा आणि काम द्या. चोवीसचे नऊ करायचे आहेत, काका, कुठले नऊ? तुम्हाला हॉटेल रात्री साडेअकराला कसं दिसतं ते माहीत नाही, त्यांना माहीत आहे. कोठीचं मागचं दार कोण उघडं टाकतं, कुठल्या वळणावर पॅसेजचा दिवा गेलाय, कुठल्या टेबलावर पाकीट विसरतात. बसवायच्या दिवशी ते शिडीखाली उभे राहू देत आणि कोन त्यांनीच सांगू दे. रेकॉर्डिंगचा दुसरा पासवर्ड त्यांचा. सोमवारची पाच मिनिटं त्यांची. रद्द झालेल्या प्रत्येक बिलावर त्यांची आणि तुमची, दोघांची सही. आणि पेट्रोलचे पैसे गल्ल्यातून काढलेत तर तुमचीही चिठ्ठी, त्यांच्यासमोर.

सगळं बसून झालं की पहिल्या रविवारी रात्री एक करा. वडिलांना खाली आणा, रेकॉर्डरच्या स्क्रीनसमोर बसवा. काका काउंटरवर. तुम्ही स्वतः हेल्मेट घालून, गळ्यात स्कार्फ टाकून दारातून आत या, रजिस्टरवर सही करा, वर जा, दुसऱ्या मजल्यावरच्या मधल्या खोलीतून एक पिशवी घेऊन खाली या आणि पार्किंगमधून निघून जा. मग वडिलांना विचारा, कुठे ओळखलंत मला? ते म्हणाले 'चालण्यावरून' तर तो बापाचा डोळा झाला, कॅमेऱ्याचा नव्हे. भिंग बदलून पुन्हा करा.